जीवनमास्तर आणि फडताळातली क्लॅरोनेट

मी एकदा एका माणसाची क्लॅरोनेट लोणच्याच्या फडताळात कुलूप लावून ठेवली होती. त्याच दिवशी संध्याकाळी विंझरला त्याच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न होतं, आणि तिथं ती क्लॅरोनेट घेऊन येतो असा शब्द त्यानं मुलीला दिला होता. हे त्यानं मला सांगितलं. एकदा नव्हे, चांगलं तीन-चारदा सांगितलं. मी हसले, किल्ली कमरेला खोचली आणि पंगतीत मठ्ठा वाढायला निघून गेले. नातवंडांना ही गोष्ट सांगितली की ती विचारतात, "आजी, तू तेव्हा अशी का होतीस?" मी सांगते, "बाळांनो, तेव्हा मला सगळं कळत होतं."

तो माणूस म्हणजे जीवनमास्तर. पुण्याच्या बँडमधले क्लॅरोनेटवाले. पण आधी माझी ओळख करून द्यायला हवी, कारण त्या दिवसात त्यांच्यापेक्षा माझाच आवाज जास्त होता.

साठीचं दशक सरून सत्तरीचं लागलं होतं. पुण्याहून भोरला वकिलांच्या घरात सून म्हणून येऊन मला दोन उन्हाळे झाले होते. माहेरी आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड, नळ जिन्याखाली आणि संडासला रांग. पण पुणं ते पुणं. शिवाय हार्मोनियमच्या दोन परीक्षांना मी बसले होते. बसले होते, इतकंच मी सांगत असे. उठले कशी ते भोरमध्ये कुणी विचारलं नाही. त्या बळावर घरात रेडिओ लागला की मी डोळे मिटून मान डोलावायची आणि सासूबाई भाजी निवडता निवडता विचारायच्या, "मान आखडली का गं?"

अशात माझ्या धाकट्या नणंदेचं, मालूचं लग्न ठरलं. सासूबाईंच्या मनात गावातली नेहमीची सनई होती. मी हट्ट धरला की वाजवायला पुण्याचाच माणूस हवा, आणि तोही क्लॅरोनेटवाला. सनई काय, सगळ्यांच्याच लग्नात असते. सासूबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आण बाई. लग्न मालूचं आहे, पण हौस तुझी राहून गेलेली दिसते."

मास्तर ठरवाठरवीला आले ते भर उन्हात काळा कोट घालून. कोटाला सोनेरी गोंडे होते, पैकी काही अजून सोनेरी होते. डोक्याला तिरकी टोपी. मिशी काळीभोर, पण घाम आला की तिचा रंग ओठाच्या कोपऱ्यातून हळूच खाली यायचा आणि मास्तर बोलता बोलता तो रुमालानं टिपून जागच्या जागी परत न्यायचे. ओसरीवर बसून त्यांनी चहाचा घोट घेतला, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "चहा बरा आहे. पण पुण्यात असा नसतो."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. दोन वर्षं हेच वाक्य मी भोरमधल्या भाजीला, पाण्याला, साबणाला आणि नवऱ्याच्या मित्रांना लावत होते. शेवटी एक जाणकार माणूस भेटला. मग आम्ही दोघं पुण्याविषयी तासभर बोललो. पुण्यात कुठं राहता, हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी त्यांना. ते कालव्याकाठच्या एका पत्र्याच्या खोलीत राहत, हे मला पुढं कळलं. आमचा जिन्याखालचा नळ त्यांना कधीच कळला नाही, एवढी मी जिंकले.

लग्नाच्या हंगामात मास्तर म्हणजे चालतं-बोलतं वेळापत्रक, फक्त एस.टी.च्या वेळापत्रकासारखं. रविवार आणि चांगला मुहूर्त एकत्र आले की एका दिवसात दोन-तीन लग्नं ते घ्यायचेच. कुणी विचारलं की म्हणायचे, "सीझन आहे. कलावंतानं कुणाला नाराज करू नये." नाराज न करण्याची त्यांची पद्धत अशी की सगळ्यांना हो म्हणायचं. मग मंगलाष्टकं संपून पंगत बसली, की क्लॅरोनेट कोटाखाली आणि मास्तर मागल्या दारानं पसार. ढोल-ताशेवाले मागं राहायचे. ते इतके दणकून वाजवायचे की जिलबी खाणाऱ्या माणसाला मधला सूर हरवलाय याचा पत्ता लागायचा नाही.

कधी कुणी दारात अडवलंच तर त्यांच्याकडं कारणं तयार असत. त्यांची आजी दर उन्हाळ्यात वारायची. एका वैशाखात तर ती शिरवळच्या लग्नात दुपारी वारली आणि संध्याकाळी सारोळ्याच्या लग्नात पुन्हा वारली. आजी पुरेशी वाटली नाही की मुलीचं लग्न. "घरी लेकीचं लग्न आहे हो," म्हणून आदल्या वर्षी सारोळ्याच्या एका वऱ्हाडातून ते निघून गेल्याचं खुद्द नवरीच्या मामांनी आम्हांला सांगितलं होतं. म्हणून ठरवतानाच मी बजावलं, की आमच्याकडं वरात निघेपर्यंत थांबावं लागेल. मास्तरांनी रुमालानं मिशी टिपली आणि हो म्हटलं. ते हो म्हणणारच होते.

लग्नाचा दिवस उजाडला. वैशाखातला रविवार. मांडवाचं कापड तापून त्याला खळीचा वास सुटला होता. मास्तर सारोळ्याचं एक लग्न सकाळी उरकून आमच्याकडं यायचे होते. नवरदेव पारावर येऊन थांबला, घोडा कंटाळला, भटजी घड्याळाकडं बघायला लागले आणि सासूबाई माझ्याकडं. तेवढ्यात कोपऱ्यावरून कांद्याचा एक ट्रक वळला. ट्रकवर पोती, पोत्यांवर काळा कोट घातलेले मास्तर, आणि मास्तर वाजवतच येत होते. सासरे दोन्ही हात वर करून रागवायला म्हणून पुढं गेले, पण तोंडासमोर अशी खणखणीत तान आली की बिचाऱ्यांनी वर केलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. नंतर मास्तरांनी मला त्यातलं मर्म सांगितलं. "उशीर झाला की वाजवत यायचं, वहिनी. वाजवणाऱ्या माणसाला कुणी रागवत नाही."

दोन गाण्यांच्या मध्ये ते क्लॅरोनेटच्या तोंडाशी बसवलेली वेताची पत्ती काढून गालात धरायचे, म्हणजे उन्हानं ती सुकून तडकू नये. ती तोंडात असली की त्यांना बोलता येत नसे. उशीर का झाला, तुमचे बाकीचे लोक कुठं आहेत, झांजवाला कमी का, असल्या सगळ्या प्रश्नांना ते भुवयांनी उत्तर द्यायचे. मला वाटतं, निम्म्या वेळी पत्तीला धोका नसायचाच.

पण वाजवायचे मात्र काय. अंतरपाट खाली आला आणि त्यांनी एक लांब सूर असा धरला की सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. मला ते पाहून फार समाधान वाटलं. मालू सासरी चालली म्हणून त्या रडत असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, क्लॅरोनेट पटली.

पंगतीच्या वेळी मी त्यांना दुपारचा एखादा राग वाजवायला सांगितलं होतं. चारचौघांत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं. मास्तर म्हणाले, "वाजवतो की. पण रागाला वऱ्हाडी बिचकतात, वहिनी. ताटात बघून गुपचूप जेवतात." तरी त्यांनी सुरू केला. मी पाण्याचं तांब्या-भांडं घेऊन खांबाशी उभी राहिले, डोळे मिटले आणि मान डोलवायला लागले. डोळे उघडले तेव्हा मुलाकडची पोरं शिट्ट्या मारत होती. मास्तर कधीच रागातून त्या साली गाजलेल्या एका सिनेमाच्या गाण्यात उतरले होते, आणि मी त्याला "वा, वा" म्हणत उभी होते. ते वळण कुठं घेतलं हे आजतागायत मला सापडलेलं नाही.

ते गाणं संपलं आणि मास्तर माजघराच्या दाराशी आले. पत्ती तोंडातून काढलेली. म्हणाले, "वहिनी, आता निघतो. आज माझ्या मुलीचं लग्न आहे. विंझरला, उन्हं उतरताना."

मी म्हटलं, ते तर गेल्या वर्षी झालं ना, सारोळ्यात सांगून गेला होतात.

"ते खोटं होतं. हे खरं आहे."

आता तुम्हीच सांगा. दोन्ही वेळेला चेहरा तोच, मिशी तीच. मी त्यांना म्हटलं, आधी चहा घ्या. ते हात-तोंड धुवायला मागल्या अंगणात गेले. क्लॅरोनेटचा लांबट डबा कोनाड्यात होता. मी तो उचलला, फडताळात लिंबाच्या आणि नव्या कैरीच्या बरण्यांच्या मध्ये आडवा सारला आणि कुलूप लावलं. मग ज्या ज्या बाईच्या पानात मठ्ठा वाढला, तिला तिला सांगितलं की यंदा मास्तरांना कसं पकडलं. बायका मला हुशार म्हणाल्या. पैकी दोघी खरोखर तसं समजत होत्या.

मास्तर परत आले, कोनाडा पाहिला आणि सरळ माझ्याकडं आले. आधी ते पुण्याच्या भाषेत बोलले. कलावंताच्या वाद्याला असा हात लावत नाहीत, म्हणाले. पुण्यात असं नसतं. मी म्हटलं, मी पुण्याचीच आहे, पुण्यात अगदी असंच असतं. मग त्यांनी सौदा करून पाहिला, की ढोलवाले वरातीला दुप्पट जोर लावतील, क्लॅरोनेटची कुणाला आठवणसुद्धा होणार नाही. मी मान हलवली. मग त्यांनी टोपी काढली आणि स्वयंपाकघराच्या पायरीवर बसले. मिशीचा रंग ओघळत होता, तो टिपला नाही.

"वयनी, पोरगी वाट बगत आसंल वो. म्या शबूद दिलाय तिला. बाजा घिऊनच या म्हनलीया. त्याबिगर म्या कुठल्या तोंडानं जाऊ?"

हे बोलणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. कुणाही शहाण्या माणसाला तिथंच कळलं असतं. मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही नाटकात जायला हवं होतं."

सासूबाई केव्हापासून मागं उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी माझ्या कमरेची किल्ली स्वतःच्या हातानं काढून घेतली. म्हणाल्या, "खोटं असलं तर आपली वरात क्लॅरोनेटशिवाय निघेल. खरं असलं तर एका पोरीच्या लग्नाला बाप नसेल. एवढा हिशेब पुण्यात शिकवत नाहीत का?"

मी फुरंगटून विचारलं, आणि खोटं निघालं तर? त्या म्हणाल्या, मग तू परत येऊन मला तोंड भरून सांग. सांगायला मिळावं म्हणून तूच सोबत जा. सासऱ्यांच्या एका अशिलाची जीप दारात होती, ती त्यांनी काढायला लावली. आणि घाईघाईनं एक लुगडं, खण, नारळ, तांदूळ असं ओटीचं सामान ताटात काढलं. मास्तर ताटाकडं बघत थोडे घुटमळले. मग हळूच म्हणाले, "माई, आम्ही बौद्ध. आमच्यात ओटी नसते. लुगडं चालंल."

सासूबाईंनी एक क्षण त्यांच्याकडं पाहिलं. पुण्याच्या त्या कोटामुळं आजवर आमच्यापैकी कुणी त्यांना घरदार विचारलंच नव्हतं. मग नारळ त्यांनी फळीवर परत ठेवला आणि त्या जागी लाडवांचा डबा दिला. आणि मी काय करत होते? मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, की बरं झालं, आपण यांना पहिल्या दिवसापासून कपबशीत चहा दिला. हे आता कुणाकुणाला सांगायचं, तेही मी ठरवून टाकलं.

जीपमध्ये मी पुढं बसले, क्लॅरोनेटचा डबा मांडीवर घट्ट धरून. मास्तर मागं, लाडवांच्या डब्यासह. क्लॅरोनेटला हिंग-मोहरीचा वास येत होता. अजूनही माझा निम्माच विश्वास होता, म्हणून मी उलटतपासणी सुरू केली. वकिलांची सून ना. मास्तर उत्तरं देत गेले आणि हळूहळू मला सगळं कळत गेलं.

त्यांचे वडील गावातल्या लग्नांत वाजवायचे. वाजवायला जावंच लागायचं, जायचं की नाही असा प्रश्न नसायचा. मांडवाच्या बाहेर उन्हात उभं राहायचं आणि सगळ्यांची जेवणं झाली की मग जेवायचं. बौद्ध झाल्यावर भावकीनं एकमतानं ठरवलं, की यापुढं आपल्यातल्या कुणी दुसऱ्याच्या दारात वाजवायचं नाही. वडिलांनी वाजंत्र खाली ठेवलं ते ठेवलंच. मास्तर तेव्हा पुण्यात गेले होते आणि बँडमध्ये शिकत होते. विंझरला त्यांचं नाव गेनबा. जीवन हे पुण्यातलं.

"बापाला हाक यायची, वहिनी. मला बोलावणं येतं. मी कोट घालून जातो. पण भावकी म्हणते, दार तेच."

मुलगी कुसुम विंझरला आजीजवळ वाढलेली. आई लहानपणी गेली आणि बाप कायम कुणाच्या ना कुणाच्या लग्नात. तिनं हट्ट धरला, की माझ्या लग्नात बाबांचा बाजा वाजणार, आपल्या दारात, आपल्या माणसांसमोर. भावकी कशीबशी तयार झाली, पण एका अटीवर. गेनबानं सकाळपासून घरचा बाप म्हणून मांडवात उभं राहायचं. दुसऱ्याच्या मांडवातून उठून यायचं नाही.

मी विचारलं, मग सकाळी सारोळ्याला कशाला गेलात?

"त्यांनी फार आग्रह केला."

"आणि भोरला?"

"तुम्ही केला."

त्यानंतर नसरापूरपर्यंत मी गप्प बसले. माझ्या आयुष्यात इतका लांब रस्ता मी न बोलता दुसऱ्यांदा कधी गेलेली नाही.

नसरापुरात रस्त्यावरच एक वरात अडकली होती. त्यांचा वाजवणारा उन्हानं घेरी येऊन वडाखाली पडला होता आणि नवरदेव घोड्यावर बसून वारा घेत होता. जीप हळू झाली आणि कुणीतरी मास्तरांना ओळखलं. मग काय, पन्नास माणसं जीपभोवती. मास्तर, देवासारखे आलात. मास्तर, एकच गाणं. मास्तर, फक्त चावडीपर्यंत. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, माझ्या खांद्यावरून मागून दोन हात पुढं आले आणि मांडीवरच्या डब्याकडं गेले.

"दोनच मिनिटं, वहिनी. नाराज कशाला करायचं?"

मी डबा पोटाशी धरला. मुलीचं लग्न आहे ना तुमच्या, असं त्यांना दटावलं, आणि ते बोलताना माझ्या लक्षात आलं की आता ते मला खरं वाटतंय. पण जमावाला कोण दटावणार? मग मी जीपमधून डोकं बाहेर काढलं आणि रडवेल्या आवाजात सांगितलं, की मास्तरांची आजी वारली, वाट सोडा. क्षणात लोक बाजूला झाले. काहींनी टोप्या काढल्या. गाव मागं पडल्यावर मागून दुखावलेला आवाज आला, "आजी कशाला काढलीत? ती खरंच गेलीय हो, लहानपणीच."

विंझरला पोचलो तेव्हा उन्हं उतरून गेली होती. घरासमोरच्या अंगणात पांढऱ्या-निळ्या पताका, एका टेबलावर बुद्धांची तसबीर, पुढं मेणबत्त्या, बाजूला फुलांचे हार. लग्न लावणारे गुरुजी शेजारच्या गावच्या शाळेतले शिक्षक होते, ते खुर्चीत बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होते. मुहूर्त नावाची भानगड तिथं नव्हती, म्हणून सगळे बापासाठी थांबले होते. आमच्याकडं भटजींनी कुणासाठी अर्धी घटकादेखील थांबवलं नसतं.

थांबले होते, पण तोंडं सांगत होती ते काही बरं नव्हतं. कुणाची तरी जीप, तिच्यातून उतरणारा सोनेरी गोंड्यांचा कोट, आणि मागून शालू नेसलेली भोरची बाई, हातात त्यांचा बाजा घेतलेली. खाटेवर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुनाच्या मांडवातनं आलास, गेनबा?"

मला वाटलं, आता आजी वारणार. मास्तरांच्या तोंडात पत्ती नव्हती आणि भुवयाही हलल्या नाहीत.

"भोरच्या," ते म्हणाले. "त्याच्या आदी सारोळ्याच्या."

कुसुम पांढरं लुगडं नेसून टेबलाशी उभी होती, ती तिथून चालत आली. सावळी, बापासारखीच उंच. बापाच्या खांद्यावर आमच्या मांडवातल्या अक्षता अडकल्या होत्या, त्या तिनं हातानं झाडल्या. एक खांदा झाला, मग दुसरा. मग त्या म्हाताऱ्याला म्हणाली, आबा, काय बोलायचं ते उद्या बोला, आज माझं लग्न लागू द्या. म्हाताऱ्यानं पान थुंकलं आणि सरकून खाटेवर मास्तरांना जागा केली. मास्तर बसले नाहीत. त्यांनी कोट काढला, टोपी काढली, दोन्ही मांडवाच्या खांबाला अडकवली आणि घामानं भिजलेल्या सदऱ्यात मुलीशेजारी जाऊन उभे राहिले.

वंदना झाली, हार घातले गेले, टाळ्या झाल्या. आमच्याकडं नुसते मानपान उरकायला याहून जास्त वेळ लागला होता.

मग मास्तरांनी क्लॅरोनेट हातात घेतली. पहिला सूर चिरकला. माझ्या फडताळाची कृपा, पत्ती सुकून गेली होती. दुसराही धड लागला नाही. मागं कुणीतरी हसलं. मास्तरांनी पत्ती बराच वेळ तोंडात धरली, डोळे मिटले आणि पुन्हा सुरू केलं. मी सवयीनं मान डोलवायला तयार झाले होते. राग येईल असं वाटलं, तो आला नाही; मग सिनेमाचं गाणं येईल असं वाटलं, तेही आलं नाही. पहाटे बायका दळताना म्हणतात त्या ओवीची साधी चाल होती ती. तीच ती ओळ, जरा वर, जरा खाली, पुन्हा तीच. त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं आणि मास्तर दाखवतही नव्हते. भिंतीकडं तोंड करून एक अगदी थकलेली म्हातारी बसली होती, मास्तरांची आई. नवरा वाजवायचा त्या दारांची तिला अशी चीड की मुलाचं वाजवणं तिनं आजवर ऐकलं नव्हतं. ती हळूहळू वळून बसली.

त्या दिवशी मास्तर मागल्या दारानं गेले नाहीत. पण म्हणून ते सुधारले असं कुणी समजू नये. पुढं मालूच्या मुलाच्या मुंजीतूनही ते बटूच्या भिक्षावळीत पसार झाले, आणि त्या खेपेला आजीबरोबर आजोबाही वारले होते. आता मास्तरांना जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती, तरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते हातानं खूण करायचे, की येतो, तुमच्याकडं नक्की येतो. कुसुमनंच मला हे सांगितलं. आमची ओळख टिकली, ती माझ्या गुणांमुळं नव्हे.

तर त्या संध्याकाळी विंझरच्या अंगणात मी काय करत होते, तेवढं सांगते आणि थांबते. मला स्वस्थ बसवत नव्हतं. पहिल्या पाच मिनिटांत मी पोरांना गप्प केलं, सरबताचे पेले कुठून फिरवायचे ते बायकांना दाखवलं आणि सतरंजीची एक घडी सरळ केली. मग मला माझा अपराध आठवला. तो असा मनातल्या मनात ठेवण्यासारखा नव्हता, मोठा होता, तो नीट मांडायला हवा होता. मास्तर वाजवत असतानाच मी नवरीच्या खुर्चीपुढं जाऊन उभी राहिले, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि भरल्या गळ्यानं सगळं सांगितलं. कुलूप, किल्ली, लोणचं, आणि तुझ्या आयुष्यातल्या या दिवशी माझ्यामुळं केवढा अनर्थ होता होता राहिला, मी स्वतःला कधी क्षमा करणार नाही, वगैरे. बोलणं चांगलं लांबलचक होतं, वाटेत नसरापूरनंतर मी ते जुळवून ठेवलं होतं. कुसुमनं ते ऐकून घेतलं. तिचं सगळं लक्ष माझ्या खांद्यापलीकडं होतं. माझं संपल्यावर तिनं आपले हात सोडवून घेतले आणि म्हणाली,

"तुमच्यामुळं न्हाई झाला वो उशीर, बाई. तुमी कोंडलं नसतं तर दुसऱ्या कुनी कोंडलं आस्तं, त्यास्नी कुनाला न्हाई म्हनायला येतच न्हाई. ते ऱ्हाऊ द्या आता. तुमी आदी वाईच खाली बसा, मागं आजीला बाबा दिसंनात."